पांढऱ्या फुलांचा कतुपे

माझी सासू मालिता काचिगाम्बा हिच्याबद्दल मी लिहावं, हे आमच्या रिवाजात बसत नाही. जावयाने सासूसमोर जेवू नये, मोठ्याने हसू नये, ती वाटेत भेटली तर बाजूला होऊन उभं राहावं. कांजेन्जे या आमच्या गावात आम्ही सगळेच पुरुष घरजावई. लग्न झालं की बायकोच्या गावी येऊन घर बांधायचं, तिच्या आईच्या शेतात राबायचं आणि तिच्या मामांनी हाक मारली की धावायचं. मला इथे येऊन सतरा वर्षं झाली. सायकली दुरुस्त करतो. गावातल्या प्रत्येक चाकाला माझा हात लागलाय, तरी नळावर भांडण झालं की कुणीतरी आठवण करून देतंच, की तू इथला नाहीस. म्हणूनच मी लिहायचं ठरवलं. इथला माणूस तिच्याबद्दल खरं लिहिणार नाही, कारण त्या वर्षी इथल्या प्रत्येकाने तिच्याकडे पाठ फिरवली होती. मीही फिरवली होती, तेही सांगतो.

मालिता उंच, हाडकुळी. वय अठ्ठावन्नच्या आसपास, नक्की कुणालाच ठाऊक नाही. मुसळ धरून धरून उजवा अंगठा बाहेरच्या बाजूला वाकलाय. शाळेत ती दोन वर्षं गेली. एक दिवस मास्तरांनी पाटी फोडली म्हणून परत गेली नाही, असं ती सांगते. पाटी तिनेच मास्तरांच्या दिशेने फेकली होती, असं एनेलेसी सांगते. एनेलेसीला माहीत असणार. दोघी एकाच वर्षी वयात आल्या, मोठ्या बायकांनी दोघींना एकाच झोपडीत बसवून संसाराचे नियम शिकवले, आणि तेव्हापासून दोघींची अंगणं एका कुंपणाने जोडलेली आहेत. गावातल्या बायकांच्या गटाची एनेलेसी अध्यक्ष. गटाची कोठी मात्र मालिताच्या ताब्यात.

तिला सोडून गटात बावीस जणी. एप्रिल-मेमध्ये घेवडा निघाला की प्रत्येकीने निवडक बियांचं एक टोपलं मालिताच्या कोठीत आणून ठेवायचं आणि डिसेंबरात पाऊस लागला की पेरायला परत न्यायचं. घरात ठेवलेलं बी राहत नाही. ऑक्टोबरात पोरं भुकेने किरकिर करायला लागली की भल्याभल्या बाईचा हात बियाण्याच्या मडक्यात जातो. मालिताच्या कोठीत तसं झालं नाही. एकदा तिच्याच मुलीने, म्हणजे माझ्या बायकोने, एस्नातीने, दोन ओंजळी मागितल्या. मालिताने तिला भोपळ्याची पानं दिली आणि दाराला कडी घातली. मी त्या आठवड्यात भोपळ्याचीच भाजी खाल्ली.

बी टिकायचं ते कतुपेमुळे. कतुपे हे माणसाच्या डोक्याहून थोडं उंच होणारं झुडूप. माळावर, वाटेच्या कडेला, ओढ्याकाठी वाढतं, आणि गणगोत सांगायचं तर तुरीचं, घेवड्याचंच. देठाच्या दोन्ही बाजूंना जोडीजोडीने पानं. ती सावलीत वाळवायची, उखळात कुटायची, चाळायची आणि ती भुकटी घेवड्याला चोळायची. भुंगा मरतो. शिजवायच्या आधी घेवडा तीन पाण्यांनी धुवायचा, एवढीच काळजी. आजोबांच्या काळी हाच पाला ओढ्यात चेचून टाकून मासे धरायचे. आता त्याला बंदी आहे, आणि ओढ्यात मासेही उरले नाहीत.

कतुपे ओळखायची खूण इथे पोराटोरांनाही येते. एक पान दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचं आणि टोक ओढायचं. इतर झाडांचं पान वेडंवाकडं फाटतं. कतुपेचं पान मधल्या शिरेपाशी कोन साधून, बाणाच्या टोकासारखं तुटतं. मालिताच्या आईने ही खूण मालिताला शिकवली आणि मालिताने बावीस जणींना. पाला आला की ती प्रत्येक टोपल्यातली चार-पाच पानं ओढून बघायची. तिने मान हलवली की पाला उखळात जायचा. तिच्या मानेला गावात सरकारी शिक्क्याइतकी किंमत होती.

तीन वर्षांपूर्वी एक योजना आली. मक्याच्या ओळींमध्ये झुडपं लावा, पालापाचोळा मातीत जिरवा, जमीन कसदार होईल. बियांच्या पुड्या वाटल्या. रोपं उगवली तेव्हा सगळ्यांनी बघितलं आणि म्हटलं, अरे, हा तर आपला कतुपेच. पान ओढून बघितलं, बाणासारखं तुटलं. मग कशाला दुसरं नाव ठेवायचं. एनेलेसीने सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त लावला. दोन वर्षांत तिच्या बांधावर त्याची भिंत उभी राहिली आणि गटाला पाला कुठून आणायचा हा प्रश्नच मिटला.

मागच्या नोव्हेंबरच्या शेवटी कोठी उघडली. मी तिथे होतो, कारण मोठी मडकी हलवायला पुरुष लागतो. पहिल्या मडक्याचं झाकण काढलं तर आतून उडत्या भुंग्यांचा लोट आला. घेवडा चाळणीसारखा झाला होता. हातात घेतला की पीठ. बारा मडक्यांपैकी नऊ तशीच. उरलेल्या तिनांतला घेवडा धड होता, आणि त्यामुळे गोष्ट आणखी बिघडली. कारण मग बायका विचारू लागल्या, की पाला तोच, कोठी तीच, मग ही तीन का वाचली.

आमच्याकडे असं मानतात, की बियाण्याला हात लावणारी बाई त्या दिवसांत नवऱ्यापासून दूर राहिलेली हवी. तिला आम्ही थंड म्हणतो. जवळ गेली तर ती गरम. गरम हाताचं बी किडतं, गरम हाताने मीठ घातलं तर घरातलं माणूस आजारी पडतं. आता मालिता नऊ वर्षांपासून विधवा. तिचा हात गरम म्हणायचं, तर त्याचा अर्थ काय होतो, ते मला वेगळं सांगायला नको. एनेलेसीने तरीही म्हटलं. मोठ्याने नाही. मडक्यात बघत, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "भुकटी चोळणारा हात कुठे होता आधल्या रात्री, देव जाणे."

एकीनेही ब्र काढला नाही. मीही नाही. माझं घर सासूच्या दारापासून तीस पावलांवर आहे. तिच्या दारात कोण येतं, कोण जातं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. जावयाने बायकांच्या गोष्टीत तोंड घालू नये, या रिवाजाचा आडोसा मला त्या दिवशी फार सोयीचा पडला. मी मडकी उचलली, बाहेर नेऊन ओतली आणि घरी गेलो. त्याची लाज मला अजून वाटते.

पेरणीला बायकांनी बाजारातून मिळेल तो घेवडा आणला. रंगीबेरंगी, निम्मा उगवलाच नाही. पण मालिताला लागलं ते वेगळंच. दरवर्षी शेजारणी तिला शेतात बोलावून पहिल्या चार खड्ड्यांत तिच्या हाताने बी टाकून घेत. त्या वर्षी कुणी बोलावलं नाही. ती दारात बसून बघत राहिली. बायका वाकल्या, उठल्या, पुढच्या ओळीला गेल्या. तिच्या हातात पुन्हा कुणी बी देईल की नाही, याच्यापुढे तिला दुसरं काही दिसत नव्हतं. तिने हे एस्नातीला स्पष्ट सांगितलं, म्हणून मला कळलं.

ती रडली नाही. भांडायलाही गेली नाही, आणि याचं मला जास्त भय वाटलं, कारण ती भांडली नाही म्हणजे काहीतरी ठरवते आहे. ती तीन वाचलेली मडकी तिने पुन्हा पुन्हा बघितली. त्यांतला पाला कुठला, हे आठवायचा प्रयत्न केला. शेवटी तिला आठवलं, की ती तीन तिने पहिल्या दिवशी भरली होती, एनेलेसीचा पाला यायच्या आधी, स्वतःच्या घरामागच्या ओळीतला पाला वापरून. ती ओळ तिच्या आईपासूनची. झुडूप तीन-चार वर्षांत म्हातारं होतं, पण बी झडून त्याच जागी नवं उगवतं, आणि मालिता तण काढताना तेवढं सोडते. अकरा झुडपं होती. पण याला तिच्या शब्दाशिवाय पुरावा नव्हता.

मेमध्ये शेती सल्लागार चिसेंगा मोटरसायकलवरून आला. तरुण माणूस, बूट नेहमी स्वच्छ, बोलायला प्रामाणिक. मागच्या वर्षीच्या घेवड्याची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. त्याने बांधावर हिंडून बघितलं आणि बायकांना वडाखाली जमवून सांगितलं, की बायांनो, दोष हाताचा नाही, झाडाचा आहे. तुमचा जुना कतुपे आणि योजनेचा हे सख्खे नाहीत, चुलत आहेत. योजनेच्या झुडपाने माती सुधारते, पण त्यात भुंगा मारण्याची ताकद नाही. मालिता पुढे सरकून बसली. तिचा चेहरा मी दुरून बघत होतो. सहा महिन्यांत पहिल्यांदा तो थोडा सैल पडला.

मग एनेलेसीने विचारलं, की दोन्ही ओळखायचे कसे. चिसेंगाने फुलं बघायला सांगितलं. ओढ्याकाठी तीन झुडपं आहेत, जांभळ्या फुलांची, तो खरा कतुपे. योजनेचा पांढऱ्या फुलांचा. तेव्हा पांढरा फुलतो तेवढा उपटून टाका, म्हणजे पाल्यात भेसळ व्हायची नाही. बायकांना पटलं. सोपं होतं. शनिवारी सगळ्यांनी कुदळी घेऊन निघायचं, असं ठरायलाही लागलं.

मालिताच्या घरामागची अकराही झुडपं पांढरीच फुलतात.

एका बाईने मान वळवून तिच्या घराकडे बघितलं, मग दुसरीने. एनेलेसी म्हणाली, की आता कळलं, भेसळ कुणाच्या परसातून आली ते. मालिता उठून उभी राहिली. बायकांच्या सभेत ती कधी उभी राहत नाही, बसूनच बोलते.

"माझ्या आईने त्या ओळीचा पाला चाळीस वर्षं वापरला," ती म्हणाली. "ती योजना आली तेव्हा आईला जाऊन वीस वर्षं झाली होती. तुमचं झाड आईच्या कबरीतून उगवलं का?"

चिसेंगा गडबडला. त्याच्या कागदावर पांढरं म्हणजे ते आणि जांभळं म्हणजे हे, इतकंच होतं. मालिताने त्याला शेंगा पक्व होईपर्यंतची मुदत मागितली. सहा-सात आठवडे. तोवर कुणी काही उपटायचं नाही, कुणी पाला कुटायचा नाही. घेवडा प्रत्येकीने आपापल्या अंगणात दर आठवड्याला उन्हात पसरायचा, म्हणजे भुंगा दूर राहील. एनेलेसी म्हणाली, की आणि तुझं खोटं ठरलं तर. मालिता म्हणाली, की तर पहिली कुदळ मी मारीन, आणि कोठीची किल्ली तुझी.

चिसेंगाला तिने एक काम लावलं. फुलं आहेत तोवरच त्याने स्वतःच्या हाताने फांद्यांना खुणा बांधायच्या. ओढ्याकाठच्या जांभळ्यांना लाल चिंधी, तिच्या ओळीला निळी, एनेलेसीच्या बांधावरच्या झुडपांना काथ्याची दोरी. फूल गळल्यावर कोण कुठल्या रंगाचं होतं, हे शेंग सांगत नाही, म्हणून. चिसेंगाने बांधल्या. मला वाटतं, तेव्हाच त्याला कळलं असावं, की या बाईशी नीट वागायला हवं.

त्यानंतर मालिताचं अंगण म्हणजे पाल्याचं दुकान झालं. चटईवर तीन ढीग, तिन्हींच्या डहाळ्या रोज ताज्या. ती पान ओढून बघायची. तिन्ही बाणासारखीच तुटायची. पहिल्या दिवशी ती हे करताना मी सायकलची साखळी घेऊन तिथून जात होतो. तिने तिसऱ्या ढिगातली दहा-बारा पानं ओढली, एकेक तुकडा गुडघ्यावर ठेवला आणि बराच वेळ हात तसेच ठेवून बसली. तिला काय वाटत होतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

मी एस्नातीमार्फत एक सल्ला पाठवला. घमेल्यात दोन मासे सोडावेत, पाला चेचून टाकावा, मासा उलटा झाला की निकाल लागला. उत्तर आलं, की जावईबापूंना सांग, मासा मिळाला तर तो शिजवायचा असतो, आणि मला माशाला विचारायचं नाही, भुंग्याला विचारायचंय. मग मी काचेच्या तीन रिकाम्या बाटल्या आणून दिल्या. जुन्या घेवड्यातले जिवंत भुंगे मी पंक्चरच्या डबीत धरले, प्रत्येक बाटलीत वीस मोजून सोडले. तिने प्रत्येकीत एकेका झुडपाची भुकटी चोळलेला घेवडा घातला, तोंडाला फडकं बांधलं आणि त्यावर तीच लाल, निळी चिंधी आणि काथ्या. एवढं काम करून मला जरा बरं वाटलं. पुरेसं नव्हे.

ती पानं गालाला घासून बघायची, ओठाला लावून बघायची. एस्नाती सांगायची, आईला वेड लागलंय, पानाचे मुके घेते. हळूहळू तिला सापडत गेलं. योजनेच्या झुडपाचं पान वरून गुळगुळीत, लव फक्त पाठीला. पान अरुंद आणि टोकदार. जुन्या कतुपेचं पान दोन्ही बाजूंनी मऊ, लवेचं, टोकाकडे रुंद होत गेलेलं. कोवळं पान मात्र फसवतं. तीन दिवस ती फसली, एक ढीग मोडून पुन्हा लावला, मग खालचं जून पानच बघायचं असं ठरवलं. आणि शेंगा भरल्या तेव्हा प्रश्नच उरला नाही. योजनेची शेंग अरुंद, लव तिला चिकटून बसलेली, चकाकणारी. जुन्याची शेंग जवळजवळ दुप्पट रुंद, आणि तिच्यावर तपकिरी लोकर, करडाच्या कानासारखी.

जुलैच्या पहिल्या शनिवारी बायका पुन्हा वडाखाली जमल्या. जुलै म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, सगळ्या दोन दोन लुगडी पांघरून बसल्या होत्या. चिसेंगाने सकाळीच हिंडून शेंगा तोडून आणल्या होत्या, प्रत्येक देठाला त्याने बांधलेली खूण तशीच. त्या त्याने टोपल्यात कालवल्या. मालिताने लुगड्याच्या टोकाने स्वतःचे डोळे बांधले आणि एनेलेसीला सांगितलं, की गाठ तू घट्ट कर. एनेलेसीने केली. केसही ओढले गेले असावेत.

तिने एनेलेसीला आपल्या शेजारी बसवलं. टोपल्यातली शेंग देठाने धरून, चिंधी मुठीत लपवून एनेलेसीने एकेक पुढे करायची. मालिता अंगठ्याने शेंगेवरून एकदा हात फिरवायची आणि डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायला सांगायची. चाळीस शेंगा होत्या.  शेवटची शेंग ठेवून झाल्यावर चिसेंगाने विचारलं, "आणि तिसरा ढीग? झुडपं तीन प्रकारची आहेत ना, आजी."

"नाहीत," मालिता म्हणाली. "जांभळ्याची शेंग आणि माझी शेंग मला वेगळी करता येत नाही. सात आठवडे बसले. पान बघितलं, शेंग बघितली, देठ बघितला. वेगळी करता येतच नाही, कारण ती एकच आहे. एका आईची दोन लेकरं, एक सावळं, एक गोरं."

चिसेंगा ढिगांपाशी बसला आणि एकेका देठाची खूण बघू लागला. डावीकडच्या ढिगात लाल आणि निळ्या एकमेकांत मिसळलेल्या होत्या. उजवीकडच्या ढिगात सगळा काथ्या. एकही चुकलं नव्हतं. मग बाटल्या उघडल्या. काथ्याच्या बाटलीतून भुंगे चिसेंगाच्या बाहीवर चढले. लाल आणि निळ्या बाटल्यांच्या तळाला मेलेले भुंगे होते आणि घेवड्याला एक भोक नव्हतं. चिसेंगाने खिशातून आपला कागद काढला, पांढऱ्या फुलाची ओळ खोडली आणि मालिताला पुन्हा विचारून विचारून पानाबद्दल, शेंगेबद्दल लिहून घेतलं. त्याचं मला कौतुक वाटलं. साहेब लोक सहसा कागदावर खोडत नाहीत.

आता बायका एनेलेसीच्या बांधाकडे बघू लागल्या आणि कुदळीची भाषा निघाली. मालिताने डोळ्यांवरची पट्टी काढत सांगितलं, की ते झाडही उपटायचं नाही. त्याच्याखालचा मका तुम्हीच बघितलाय, इतरांपेक्षा दोन हात उंच होता. फक्त त्याला कतुपे म्हणू नका, वेगळं नाव ठेवा. एका म्हातारीने लगेच सुचवलं, की बाहेरून आलंय, शेतात राबतं, मातीत मुरतं, पण घर राखायच्या कामाचं नाही, तेव्हा त्याला घरजावई म्हणा. बायका इतक्या हसल्या, की वडावरचे पक्षी उडाले. झुडपाला आजही तेच नाव आहे. मी कडेला एका सायकलच्या चाकात हवा भरत होतो, असं मी दाखवलं.

हसू ओसरल्यावर एकजण म्हणाली, की चला, निदान मालिताबाईंचा हात स्वच्छ होता, हे तरी ठरलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. सासूबाई जिंकल्या होत्या. तिथेच गप्प राहिल्या असत्या तर सगळं सुरळीत झालं असतं, आणि मी मनातल्या मनात त्यांना म्हणत होतो, की आता गप्प बसा.

"स्वच्छ नव्हता," मालिता म्हणाली. "गरम नव्हता, ते खरं. पण पाला मी तपासला होता. टोपलं टोपलं. पान ओढून बघायची खूण मी तुम्हाला शिकवली, आणि ती खूण या घरजावयालाही लागू पडते. दोघांचं पान सारखंच तुटतं. मला ते मेमध्ये कळलं, पहिल्याच दिवशी. तुमचं वर्षभराचं बी माझ्या मानेने गेलं. एनेलेसीच्या तोंडाने नाही."

ते गुडघ्यावरचे पानांचे तुकडे मला तेव्हा समजले. सात आठवडे ती आपल्या बाजूने पुरावा गोळा करते आहे, असं आम्हाला वाटत होतं. स्वतःविरुद्धचा पुरावा तिच्याकडे पहिल्या दिवशीच होता, आणि तो सांगण्यासाठीच तिने बाकीचं शोधलं होतं, असं मला आता वाटतं.  मी हवेचा पंप खाली ठेवला आणि बायकांच्या सभेत, सतरा वर्षांत पहिल्यांदा, तोंड उघडलं. म्हणालो, की त्या नोव्हेंबरात मी गप्प बसलो होतो. माझ्या सासूच्या दारात नऊ वर्षांत कुणी पुरुष आलेला नाही, मी शेजारी राहतो, मला माहीत होतं, आणि मी बोललो नाही. मग काय करायचं ते न कळून पुन्हा पंप उचलला. मालिताने माझ्याकडे बघितलं नाही. रिवाजाप्रमाणे बघायचं नसतंच.

एनेलेसी बराच वेळ मांडीवरच्या दोन शेंगांशी चाळा करत होती, एक रुंद, एक अरुंद. मग तिने डोळे मिटले, दोन्ही शेंगा पाठीमागे नेल्या, हात अदलाबदल केले आणि एक पुढे केली.

"ही तुझ्या आईची," ती म्हणाली.

मालिताने हात फिरवून हो म्हटलं.

"मला पहिल्याच वर्षी वाटलं होतं, की माझ्या बांधावरच्याला वास नाही," एनेलेसी म्हणाली. "कुटताना नाकात झोंबत नाही. पण मी सगळ्यात जास्त लावला होता ना. मग कसं बोलायचं. तुझ्या नावावर टाकलं, ते सोपं पडलं." तिचा आवाज नेहमीसारखाच करडा होता. माफी वगैरे तिने मागितली नाही. एनेलेसीला ते येत नाही.

ती उठली, कुंपणापलीकडे आपल्या घरी गेली आणि घेवड्याचं टोपलं डोक्यावर घेऊन परत आली. वर्षभरासाठी निवडलेलं, उन्हात सात वेळा पसरलेलं बी. ती मालितासमोर गुडघ्यांवर बसली. आमच्याकडे बाई असं आपल्या आईसमोर बसते, किंवा मामांसमोर. बरोबरीच्या बाईसमोर नाही. तिने मालिताचे दोन्ही हात धरून उताणे केले आणि टोपलं वाकडं करून बी त्यांत ओतायला लागली. ओंजळ भरली, बी सांडून चटईवर गेलं, मांडीवर गेलं, तरी ती ओतत होती.

मालिताचे खांदे हलायला लागले. नोव्हेंबरात न रडलेली बाई तिथे बावीस जणींसमोर रडली. हात मात्र तिने हलवले नाहीत, एक दाणाही आणखी खाली पडू नये म्हणून.